एकदा काळं, दोनदा भुरं

कार्तिक लागला की पारडीकडून मेंढ्या येतात. कातरण्याआधी त्यांना नदीत धुतात. यंदाही आणल्या. सकाळी मी ओसरीत बसले होते, तेव्हा ओल्या लोकरीचा वास आधी आला आणि मेंढ्या मागून आल्या. तो वास कोणाला आवडत नाही. मला आवडतो की नाही, हे मला सांगता येणार नाही. तो आला की मी हातातलं काम खाली ठेवते, एवढंच.

दुपारी पलीकडच्या मोकळ्या जागेत कातरी चालू झाल्या. कातरीचा आवाज एकसारखा असतो, पण मेंढीच्या पोटाखाली गेली की थोडा दबतो. कातरलेली मेंढी उठून उभी राहते तेव्हा ती दुसरीच कोणीतरी दिसते. लहान, उघडी, मान बारीक झालेली. तिचं कोकरू तिला ओळखत नाही. ते तिच्या समोरून पळत जातं आणि तिलाच शोधत ओरडतं. मग ती एकदा आवाज देते, आणि ते थांबतं. आज असं पाच-सहा वेळा पाहिलं. लहानपणापासून पाहत आले आहे.

माझं माहेर उमरेडच्या रस्त्यावर. तिथे शाळा घराजवळ होती म्हणून बापाने मला चौथीपर्यंत जाऊ दिलं. शाळेतही मी बोलत नसे. मास्तर विचारायचे, मला उत्तर येत असायचं, आणि मी पाटीवर लिहून पाटी वर धरायची. मुली हसायच्या. लिहिणं मला तेव्हापासून बोलण्यापेक्षा सोपं वाटतं. म्हणून हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

लग्न होऊन मी नागपूरला आले, लकडगंजच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. तिथे आमच्या लोकांची दहा-बारा घरं होती. काही मेंढ्या पाळायचे, काही घोंगड्या विणायचे. आमच्या घरी माग होता. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून मामंजी बसलेले, त्यांच्या पुढ्यात लोकरीचा ताणा. खोलीला बाहेरचं एकच दार. दारात मामंजींची एक मेंढी बांधलेली असायची. एका पायाने अधू होती म्हणून कळपात जायची नाही. तिचं नाव लंगडी.

आमच्याकडे लोकर रंगवत नाहीत. मेंढीच्या अंगावर जो रंग असेल तोच. काळा, पांढरा, आणि उन्हात काळा विटला की होतो तसा भुरा. सूत आम्ही बायका कातायचो. पिंजायच्या आधी लोकरीत अडकलेली काटेरी गोखरं वेचावी लागतात. बोटांना टोचत राहतात. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्यांची खळ करायची आणि कुंच्याने ताण्याला लावायची. थंडीतल्या सकाळी त्या खळीत हात घातला की बोटं आपली राहत नाहीत.

सासऱ्यासमोर सुनेने बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत होती. पदर पुढे ओढायचा आणि आवाज कानावर जाऊ द्यायचा नाही. ही रीत मला जड गेली नाही. उलट बरं वाटलं. बाकीच्या सुनांना गप्प बसायला शिकवावं लागायचं. मला नाही. मामंजींना माझ्याशी काही बोलायचं असलं तर ते भिंतीशी नाहीतर लंगडीशी बोलायचे. "लंगडे, प्यायले पाणी पायजे होतं." मी पाणी नेऊन ठेवायची. सासूबाई म्हणायच्या, "मेंढीशी काय बोलून राहिले तुम्ही? ती आता माग चालवन काय?" मामंजी म्हणायचे, "तुह्यापेक्षा बरी हाये. उलटून बोलत नाही."

लग्नानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात मी आतल्या दाराशी सूत गुंडाळत बसले होते. मामंजींनी सुताचा गोळा उचलला. काळा पट्टा चालू होता आणि त्यांनी उचलला होता भुरा. मी मुद्दाम काही केलं नाही. हात आपोआप पुढे झाला आणि बांगड्या वाजल्या. मामंजी थांबले. हातातला गोळा त्यांनी डोळ्यांजवळ नेला, मग दाराच्या उजेडाकडे धरला. मग खाली ठेवला आणि दुसरा घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळा हातात घेऊन विचारलं, "लंगडे, हे काळं हाये का भुरं वं?"

पांढरं त्यांना दिसत होतं. काळं आणि भुरं वेगळं दिसत नव्हतं. दोन्ही एकाच कळपाची लोकर, हातालाही सारखीच लागायची. मी एकदा बांगड्या वाजवल्या. गोळा काळा होता. थोड्या वेळाने त्यांनी दुसरा धरून विचारलं. तो भुरा होता, म्हणून मी दोनदा वाजवल्या. ते "हं" म्हणाले.

एकदा काळं, दोनदा भुरं. हे आम्ही कधी ठरवलं नाही. घरात कोणाला माहीत नव्हतं. माझ्या घरधन्यालाही मी सांगितलं नाही. मामंजींना दिसेनासं झालं हे बाहेर पडलं असतं, तर माग बंद झाला असता. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गिरणीत लागले होते आणि रोज म्हणायचे, "खड्डा बुजवा अन् ह्या खोलीत माणसं राहू द्या." मामंजी ऐकून घ्यायचे. खड्ड्यात पाय सोडून बसल्यावर त्यांची पाठ सरळ व्हायची. वर आले की ते एकदम म्हातारे दिसायचे. माग होता म्हणून मामंजी होते, असं मला तेव्हाही वाटायचं.

ज्या वर्षाचं मी लिहिते आहे त्या वर्षी सदर भागातल्या एका शेटजींनी आमच्याकडे एक मोठं घोंगडं सांगितलं होतं. कोणा साहेबाच्या बंगल्यात जमिनीवर अंथरायला. रंग लावायचा नाही, मेंढीचेच रंग पाहिजेत, असं सांगून गेले. सासूबाईंना ते पटलं नाही. "देवाखाली जे अंथरतो ते सायब बुटानं तुडवन," म्हणाल्या. घरधनी म्हणाले, "सायब बूट काढते वं घरात." सासूबाईंनी विचारलं, "तू पाहून आला काय?" ते हसले. ते हसायचे तेव्हा खालचा ओठ एका बाजूला जायचा. हे मला आठवतं. त्यांच्या चेहऱ्यातलं दुसरं काही आता नीट आठवत नाही.

आमचा माग अरुंद. मोठं घोंगडं एका वेळी विणून होत नाही. दोन लांब फाळके वेगवेगळे विणायचे आणि मग कडेला कड लावून शिवायचे. काळ्या जमिनीवर भुरे पट्टे असले की दोन्ही फाळक्यांतले पट्टे समोरासमोर आले पाहिजेत. मामंजी वीत आणि बोटांनी मोजायचे. एक वीत काळं, चार बोटं भुरं, मध्ये पांढऱ्याची एक रेघ. दर वेळी रंग बदलायच्या आधी ते लंगडीला विचारायचे. पहिला फाळका दसऱ्याला उतरला. एक धागा इकडचा तिकडे नव्हता. घरधन्यांनी लगेच दुसऱ्या फाळक्याचा ताणा अंगणात ताणला, खळ लावली, मागावर चढवला.

मग ती तापाची साथ आली. आमच्या आळीत एका घरातून दोन-दोन माणसं गेली. लकडगंजात लाकडाचे ढीग होते, पण ते वाहून न्यायला माणसं नव्हती. माझे घरधनी चार दिवस तापात होते. पाचव्या दिवशी सकाळी नव्हते. त्या चार दिवसांतलं मला काय आठवतं, तर त्यांच्या अंगावरचं घोंगडं. ते ओलं झालं होतं आणि त्याला मेंढीचा वास येत होता, धुतलेल्या मेंढीचा.

दहाव्या दिवशी बायका मला नदीवर घेऊन गेल्या. हिरव्या बांगड्या होत्या. काठावरच्या दगडावर माझा हात धरून फोडल्या. मला लागलं नाही. एका म्हाताऱ्या बाईच्या बोटाला काच लागली आणि ती पाण्यात बोट धरून बसली. तिच्या बोटाचंच मला वाईट वाटत होतं. त्याच काठावर थोड्या अंतरावर मेंढ्या धुणं चालू होतं. घरी आले तर हात हलके झाले होते. उचलले की जास्तच वर जायचे.

मी रडले नाही. सासूबाई रडायच्या आणि मध्येच थांबून माझ्याकडे पाहायच्या. मी गोखरं वेचत बसायची. लोकर संपली तरी बोटं वेचत राहायची. भाकर तोंडात घातली की ती भाकर आहे हे कळायचं, बाकी काही कळायचं नाही.

तेरावं झालं आणि मामंजी मागावर बसले. बसणं भागच होतं. ताण्याला खळ लागलेली होती आणि त्या खळीसाठी उंदीर येतात, धागे कुरतडतात. ताणा मुलाच्या हातचा होता. मामंजी खड्ड्यात उतरले, दोन्ही हात ताण्यावर पसरून ठेवले आणि थोडा वेळ तसेच बसले. मग गोळा उचलला.

"लंगडे, हे काळं हाये का भुरं वं?"

मी चुलीशी होते. दार उघडं होतं. मला गोळा दिसत होता. भुरा होता. मी हात हलवला. काही वाजलं नाही.

मामंजींनी थोडं थांबून पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. धोट्यात तेच सूत भरलं आणि विणायला लागले.

आठ दिवस असं चाललं. आधी ते विचारायचे, मग ऐकायचे, मग जे हाती असेल ते विणायचे. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. मी चुलीशी बसून पाहत होते. काळ्याच्या जागी भुरं चढताना दिसत होतं. दिसत होतं आणि तेवढंच होत होतं. आता सगळ्यांना कळेल, माग जाईल, मामंजी वर येऊन बसतील, हेही मला माहीत होतं. घरात हंडा होता. तांब्या होता. पळी तर माझ्या हातातच असायची. पळी चुलीच्या कडेला एकदा आपटली असती, दोनदा आपटली असती, तरी चाललं असतं. हे मला सुचलं नाही. आठ दिवस माझ्या हातात पळी होती आणि मला सुचलं नाही. पुष्कळ वर्षं झाली. अजून पळी हातात घेतली की सुचतं.

दोन्ही फाळके शिवायला म्हणून भाऊजींनी अंगणात उन्हात शेजारी शेजारी अंथरले. सासूबाई दाभण घेऊन बसल्या. मग सगळ्यांनी पाहिलं. पहिल्या फाळक्यातला भुरा पट्टा कडेपर्यंत यायचा आणि तिथे थांबायचा. त्याच्या समोर काळं. खाली दुसऱ्या फाळक्यात दीड वीत नुसतं भुरं, त्याला समोर कोणी नाही.

भाऊजी म्हणाले, "बा, हे काय विनलं गा?"

मामंजी दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"काय झालं म्हणजे? इकडं काळं तं तिकडं भुरं. तुले दिसत नाही काय?"

सासूबाईंनी दाभण खाली ठेवलं. "दिसत नाही तं सांगतलं काहून नाही?" त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "कवापासून दिसत नाही तुम्हाले?"

"दिसते मले," मामंजी म्हणाले. "मीच तसं विनलं. शिव."

सासूबाईंनी शिवलं. भाऊजींनी घडी करून खांद्यावर टाकलं आणि सदरला नेलं. दिवस मावळायच्या आत परत आणलं. शेटजी म्हणाले होते, पौषापर्यंत दुसरं नीट विणून द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे पाहू. भाऊजींनी घडी ओसरीत टाकली. "कोण विनन दुसरं? आता पुरे झालं, बा. माग काढू. अन् वहिनीच्या बापाले निरोप धाडू. इथं बसून काय करन ती? तरणी हाये. तिकडं पाट तरी लावून देतीन."

माझ्याविषयी बोलत होते. मी आत पीठ चाळत होते. चाळत राहिले.

मामंजी म्हणाले, "एक डाव ताना लावून दे मले. मंग काय करायचं ते कर."

भाऊजींनी गिरणीतून दोन दिवस सुटी घेतली आणि ताणा लावून दिला. त्यांनी तो चांगलाच लावला. मग ते आणि सासूबाई खोलीच्या दारात उभे राहिले. पाहायला उभे होते, हे मामंजींना कळत होतं. पहिली वीत काळी विणायची. मामंजींनी दोन गोळे मांडीवर घेतले. एक उचलला.

"लंगडे, हे काळं हाये का भुरं वं?"

भाऊजींनी तोंड फिरवलं. सासूबाईंनी मेंढीकडे पाहिलं. मेंढी बसून रवंथ करत होती. मी आतल्या दाराशी पदर ओढून उभी होते. गोळा भुरा होता. मी दोन्ही हात एकमेकांवर धरले होते. मनगटावर जिथे बांगड्या असायच्या तिथे गार लागत होतं.

मामंजी ऐकत होते. मान थोडी माझ्या बाजूला होती. मग ते हळू म्हणाले, "तुह्या गळ्यात आता घंटी नाही, हे मले मालूम हाये. तोंडानं सांग."

कितीतरी वेळ गेला असं मला वाटलं. तेवढा गेला नसेल. तोंड उघडलं तर आवाज निघेल की नाही, हे मला माहीत नव्हतं. सगळे ऐकत होते. पुढे काय होईल याचा मी विचार करत नव्हते. विचार करण्याची जागाच तेव्हा नव्हती. मी म्हणाले, "भुरं."

तो आवाज कोणाचा, असं मलाही वाटलं. जाड होता. बरेच दिवस कोणी न उघडलेल्या डब्यातून काढल्यासारखा.

मामंजी म्हणाले, "बरं." गोळा खाली ठेवला, दुसरा उचलला, धोटा भरला आणि विणू लागले. भाऊजी उभे राहिले, मग अंगणात गेले. सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता बोलतील, सासऱ्यासमोर तोंड उघडलं म्हणतील. त्या म्हणाल्या, "चुलीवर काय ठेवलं हाये ते पाहा, जळून राहिलं." डाळ होती. जळली होती.

घोंगडं पौषाच्या आधी सदरला गेलं. माझा बाप निरोपाशिवायच आला, त्याने सगळं ऐकलं होतं. ओसरीत बसून म्हणाला, पोरीला घेऊन जातो. मामंजी आतून, खड्ड्यातूनच म्हणाले, "लंगडीले विचारा." बापाला कळलं नाही. तो मेंढीकडे पाहायला लागला. मी दाराआडून म्हटलं, "नाही."

त्यानंतर सात हिवाळे मी मामंजींना रंग सांगितले. काळं. भुरं. दुसरं काही आम्ही बोललो नाही. घरात मी पुढे थोडं बोलायला लागले, भाजीवालीशी, शेजारच्या बायकांशी. मामंजींशी तेवढे दोनच शब्द. शेवटी शेवटी त्यांना पांढरंही दिसेना, मग तीन झाले. माझा चेहरा त्यांनी कधी नीट पाहिला नाही. आधी पदर होता, मग डोळे नव्हते. मी खोलीत आले की ते मान वळवायचे, आणि मी बोलेपर्यंत तशीच ठेवायचे.

लंगडी त्यांच्या आधी गेली. तिच्यानंतरही ते तिच्याच नावाने विचारायचे.

मामंजी गेल्यावर भाऊजींनी खड्डा बुजवला. त्या जागी आता भाऊजींच्या सुनेच्या बाळाचा पाळणा आहे. तिथली जमीन पावसाळ्यात थोडी खचते, दर वर्षी माती टाकून चोपावी लागते.

न जुळलेलं घोंगडं माझ्याकडे आहे. कोणी घेतलं नाही, कोणी टाकलंही नाही. आता मी त्याच्यावरच बसले आहे. मधली शिवण सासूबाईंची, तिला अजून काही झालं नाही. एका बाजूचे पट्टे येतात आणि शिवणीपाशी थांबतात. दुसऱ्या बाजूला दीड वीत भुरं आहे. मी कधी कधी त्याच्यावर हात फिरवते. हाताला काही कळत नाही. मामंजींचंही तसंच होतं, काळं आणि भुरं हाताला सारखंच लागतं.

आज कातरणीवाल्यांनी थोडी लोकर दिली. संध्याकाळच्या आत दोन गोळे कातून झाले. भाऊजींची सून मूल घेऊन ओसरीत बसली होती. ती सगळ्यांशी बोलते, सासऱ्याशीही. तोंडावर बोलते, हसते. मी गोळा उचलून तिला विचारलं, "हे काळं हाये का भुरं वं?"

"भुरं हाये, मोठ्याबाई. काहून, तुम्हाले दिसत नाही काय?"

मला अजून दिसतं. तरी विचारते.